वर वीस, खाली तीस

हिरवा दिवा लागला आणि काहीच आलं नाही. म्हणजे दिवा अगदी नियमानं लागला, आधी लुकलुकला, मग स्थिर झाला, मी हात झटकून मागं वळले आणि सकाळी आत्याच्या आरशात दोनदा करून पाहिलेला चेहरा केला, हे काय, सोपंच असतं, असा. हॉलमधले बाराच्या बारा कॉम्प्युटर मात्र कोऱ्या पडद्यांनी माझ्याकडे बघत राहिले. लॅबमधून खाली आणताना मी त्यांच्यावर एक ते बारा अशा चिठ्ठ्या लावल्या होत्या, केबली वेणीसारख्या बांधल्या होत्या, कल्याण सरांच्या कपाटातला जादा स्विच, म्हणजे केबली जोडायची भोकाभोकांची चपटी पेटी, टेबलाखाली ठेवला होता आणि त्याची एक केबल भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली होती. त्या सॉकेटची वायर वरच्या मजल्यावर लॅबमधल्या मोठ्या स्विचपर्यंत जाते, सतरा नंबरच्या भोकात. सगळं बरोबर होतं. सव्वादहा वाजले होते आणि अकराला बारा शाळांच्या चोवीस मुलामुलींची संगणक स्पर्धा सुरू व्हायची होती. मुलं तर साडेनऊपासूनच येऊन सतरंजीवर बसली होती, कारण बाहेरगावच्या लोकांना वाटतं की नगरमध्ये उशीर झाला तर गेट लावून घेतात.

माझ्या गळ्यात किल्ली होती. मोठ्या स्विचच्या कपाटाची, लाल नाडीत ओवलेली. कल्याण सर मेहुण्याच्या हळदीला देवळालीला गेले होते आणि जाताना त्यांनी मुख्याध्यापिका ज्योती मॅडमना सांगितलं होतं की संस्कृती करील. ज्योती मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या नव्या प्रेशर कुकरकडे पाहतात. "नववीतल्या मुलीच्या हातात मी आजवर ही किल्ली दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "अकराला स्पर्धा सुरू झाली तर किल्ली तुझी. नाही झाली तर सगळ्यांना शेजारच्या कॉलेजात पाठवीन, आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. तुझी दहावी होईपर्यंत." मी म्हणाले, "मी करते." दोनच शब्द, पण ते माझ्या तोंडून असे बाहेर पडले की आजूबाजूच्या बाकांवरच्या मुलींनीही मान वर केली, आणि मला स्वतःलाच ते इतके आवडले की घरी जाताना स्कूटरवर आत्याच्या मागं बसून मी ते हेल्मेटमध्ये चारपाच वेळा म्हणून पाहिले. मी करते. हेल्मेटमध्ये आवाज छान घुमतो.

कारण मी अशी नव्हते. सातवीत पुणतांब्याहून आत्याकडे सावेडीत शिकायला आले, पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहून पाण्याविषयी बोलताना ‘पानी’ म्हणाले आणि वर्ग हसला. पोरी काही वाईट नव्हत्या, मलाच काय झालं कोण जाणे, माझी जीभ घरात शिरलेल्या मांजरासारखी एका कोपऱ्यात जाऊन बसली ती दोन वर्षं बाहेरच आली नाही. हो मॅडम, नाही सर, एवढ्यावर मी दोन इयत्ता काढल्या. अशा मुलीला शाळेत बिनबोलायची सगळी कामं मिळतात. फळा पुसायचा, रांगोळीला रंग चाळायचे, गॅदरिंगच्या खुर्च्या मोजायच्या, काहीतरी चिकटवायचं. मी फार सरळ चिकटवते. मग यंदाच्या जूनमध्ये लॅबमध्ये कल्याण सर शिकवत होते की बघा, एकाच वायरीतून तीन वेगवेगळी नेटवर्कं जातात, ऑफिसचं दहा नंबर, लॅबचं वीस, कॅमेऱ्यांचं तीस, एकातलं दुसऱ्यात मिसळत नाही, याला व्हीलॅन म्हणतात, कळलं का. कोणाला कळलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे चारी." सर म्हणाले, "काय?" आणि मांजर बाहेर आलं. मी सांगितलं की सर, माझे दादा, म्हणजे वडील, पाटकरी आहेत, कालव्याचं पाणी चाऱ्यांत सोडतात, कालवा एकच असतो पण पाण्याला नंबर असतो, तीन नंबरच्या चारीचं पाणी चार नंबरला सोडलं तर मारामाऱ्या होतात. मी तास संपेपर्यंत बोलत होते. तेव्हापासून मी बोलतेच आहे. आत्या म्हणते, हिला नळाला लावतात तसली चकती बसवून घ्यायला पाहिजे.

आणि आता हिरवा दिवा लागला होता, म्हणजे चारीला पाणी दिसत होतं, आणि शेतात काहीच नव्हतं. मी केबल काढून पुन्हा खोचली. एक नंबरचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. जगातले सगळे लोक हे करतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण काहीतरी विचारपूर्वक केलं. "ताई," सतरंजीवरून आवाज आला, "तुमच्याकडं स्पर्धा हाय का आमी डबे खाऊन घेऊ?" ही ज्ञानेश्वरी, देवळाली प्रवराच्या शाळेची, चष्मा, दोन घट्ट वेण्या, गुडघ्यावर डबा. मी म्हणाले, "होतंय." ती शेजारच्या मुलीला म्हणाली, "हुतंय म्हणतीय. खा." तिचं बोलणं ऐकून मला घरी गेल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी लाज वाटली, कोणाची ते कळलं नाही.

तेवढ्यात मोठ्या पडद्यावर उजेड पडला. प्रोजेक्टरला बारा नंबरचा कॉम्प्युटर जोडला होता. तो मूळचा लॅबचा नव्हेच, शिपाई रामहरी मामांच्या जिन्याखालच्या खोलीत कॅमेरे बघायला होता, मामांना नवीन मिळाल्यावर आमच्याकडे आला. चालू झाला की तो आपोआप कॅमेरे शोधायचा आणि लॅबमध्ये कॅमेऱ्यांचं नेटवर्क नसल्यामुळे, सापडले नाहीत, असं दीनवाणं लिहून गप्प बसायचा. आज त्याला सापडले. पडद्यावर सोळा चौकोन उघडले. मुख्य दरवाजा, सायकलस्टँड, पाण्याची टाकी आणि तिच्या मागं कुत्र्याला बिस्किट मोडून देणारे रामहरी मामा, ज्यांनी तासापूर्वीच मॅडमना सांगितलं होतं की कुत्रं कोण लावून घेतंय त्याचा शोध चालू हाय. आणि वरच्या ओळीत ज्योती मॅडमची केबिन. मॅडम रिकाम्या खुर्चीसमोर उभ्या राहून स्वागताचं भाषण म्हणत होत्या. आवाज नव्हता. त्यांनी उजवा हात वर नेला, उंच फळीवर बरणी ठेवावी तसा, बोटं पसरली, थांबल्या, मान हलवून हात खाली घेतला, कागदात पाहिलं आणि पुन्हा बरणी ठेवली. तिसऱ्या वेळी डाव्या हातानं पदरही सावरला. चोवीस मुलं घास तोंडात धरून बघत होती. कोणी हसलं नाही, उलट एकानं हळूच म्हटलं, "मगाचचं जास्त चांगलं होतं."

मी तेव्हाच प्रोजेक्टर बंद करायला हवा होता. पण खालच्या ओळीत एक चौकोन आमच्या हॉलचाच होता. त्यात एक मुलगी पाठमोरी उभी होती, एका बाजूला कललेली, वेणीचं टोक सुटलेलं, मानेवर लाल नाडी. मी हात हलवला. ती उभीच राहिली. मग तिनं हात हलवला. चित्र दीडेक सेकंद मागं होतं एवढंच, ते मला माहीत होतं, कॅमेऱ्यांचं तसंच असतं, तरीही मी पुन्हा करून पाहिलं. मी मान वळवली, ती वळवेना. मी सरळ उभी राहिले, ती कललेलीच. मग सावकाश, माझ्या मागून, आज्ञाधारकपणे ती सरळ झाली. हो मॅडम, नाही सर. मला वाटलं, मी कितीही पुढं पळाले तरी ही दीड सेकंद मागं उभीच असणार, आणि मी जरा थांबले की येऊन माझ्यात शिरणार. "ताई, तुमीच का त्या?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. मी प्रोजेक्टर बंद केला.

बंद करताना मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेरे दिसले याचा अर्थ पाणी आलं होतं. चारी चुकली होती. आम्ही तीस नंबरमध्ये होतो. मला आठवलं ते पुणतांब्याचं लग्न. मी चौथीत असेन. दादांनी वहीत चार नंबरची चारी लिहिली होती, वरच्या मुक्कामाच्या पाटकरी बिभीषणकाकांनी तीन नंबरचं दार उघडलं, आणि भरदुपारी पाणी तिसऱ्या चारीनं वाट काढत भागूबाईंच्या नातीच्या लग्नाच्या मांडवात आलं. पंगत बसली होती. कोणी उठलं नाही, ताटं मांडीवर घेतली, वाढप्यांनी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून जिलबी वाढली, आणि नवरदेवाचा एक बूट वाहत जाऊन बँडवाल्यापाशी थांबला. नंतर दादा आणि बिभीषणकाका दोघं आपापल्या वह्या घेऊन भांडत होते, आणि दोघांच्याही वह्या बरोबर होत्या. कोणा एकाचं चुकलं नव्हतं, दोघांचं मिळून चुकलं होतं. दादा त्या दिवशी मला म्हणाले, "संस्कू, पानी कुठं अडलं ते फोनवर कळत न्हाई. वरनं खाली चालत यायचं."

म्हणून मी जिना चढले. लॅब रिकामी होती, टेबलांवर कॉम्प्युटरच्या जागी धुळीचे चौकोन. किल्लीनं कपाट उघडलं की आतून पंख्यांची ऊब तोंडावर येते, मला ती फार आवडते, कोणाच्या तरी श्वासासारखी. सरांचा लॅपटॉप लावला. सतरा नंबरच्या भोकातून दहा, वीस, तीस, सगळ्यांना खाली जायची मोकळीक होती. मला वाटलं, हेच, इतकं मोकळं सोडल्यावर होणारच. सरांनी शिकवलं होतं तशी मी आज्ञा लिहिली, सतरामधून फक्त वीस, बाकी कोणी नाही. एंटर मारताना मी थोडं जोरातच मारलं. दोन क्षण काहीच झालं नाही, आणि मग सतरा नंबरचा दिवा हिरव्याचा नारिंगी झाला.

नारिंगी वाईट. लॅपटॉपवर इंग्रजीत ओळ आली, नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच, तुझ्या टोकाला वीस, पलीकडच्या टोकाला तीस, दोन्ही जुळत नाहीत. मिनिटानं पुन्हा तीच ओळ. शब्दसुद्धा बदलले नाहीत, आवाज चढवला नाही, शिव्या नाहीत. माणसं इतक्या शांतपणे सांगत नाहीत, म्हणून मला आणखीच भीती वाटली. दोन टोकांचे आकडे वेगळे दिसले की स्विच दारच लावून घेतो, मांडवात पाणी जाऊ नये म्हणून. शहाणा असतो. लॅपटॉप काखेत घेऊन जिन्यावरून खाली येताना माझी जीभ जड झाली होती, अगदी ओळखीची जड, आणि मला वाटलं, आली ती, दीड सेकंद संपले.

खाली रामहरी मामा कुत्र्याचा संसार आटोपून आले होते. मी म्हणाले, "मामा, फोन द्या, कल्याण सरांना लावायचाय." मामांनी फोन धोतराच्या सोग्याला पुसून दिला. पलीकडे हलगी, संबळ, बायका आणि डीजे एकदमच होते. सर ओरडले, "कोण? संस्कृती? अगं माझ्या कानात हळद गेलीय, मोठ्यानं बोल." मी हॉलमध्ये उभी राहून चोवीस मुलांसमोर ओरडले, "सर, वर वीस आहे, खाली तीस आहे!" सर म्हणाले, "मग खालचा स्विच कॅमेऱ्याचा उचललास तू. कपाटात दोन होते. वरती मार्करनं लिहिलंय की मोठं, कॅमेरा तीस, पासवर्डपण लिहिलाय. आत जा, सगळी भोकं वीसला टाक, झालं."

"सर, त्याच्यावर काही लिहिलेलं नाही."

"लिहिलंय. मी लिहिलंय."

"पासवर्ड तोंडी सांगा ना सर."

"मला आठवला असता तर लिहिला कशाला असता? अहो, डोळ्यात नको, डोळ्यात नको," आणि फोन हळदीत बुडाल्यासारखा बंद झाला.

मी टेबलाखाली शिरले. स्विचवर लिहिलेलं काही नव्हतं. त्याच्या पाठीवर बरोब्बर मधोमध एक लाल-सोनेरी स्टिकर होता, शुभ लाभ, आणि त्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं. दसऱ्याला मामा शाळेतल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतात, घंटा, झेरॉक्स, पाण्याची मोटार, मॅडमची स्कूटर, कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडू. कुंकू मामा लावतात. स्टिकर लावायला कोणीतरी लागतं. काम बिनबोलायचं असतं आणि त्यासाठी हात सरळ लागतो. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून मी तो स्टिकर बघत राहिले. किती सरळ लावला होता. कडा स्विचच्या कडांना समांतर, चारी बाजूंना सारखं अंतर, एकही बुडबुडा नाही. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला आठवीतल्या एका मुलीनं तोंडातून अवाक्षर न काढता मार्करची अक्षरं पाहिली, ती कुरूप वाटली, म्हणून त्यांच्यावर अगदी मापात शुभ लाभ बसवलं होतं. मला तिचं मनगट आठवलं, स्टिकर दाबताना अंगठ्यानं हवा बाहेर ढकलणारं. मला तिचा राग यायला पाहिजे होता. उलट मला वाटलं, वा, काय काम केलंय पोरीनं.

मी नख घातलं. "आवो, आवो," मामा खाली वाकले, "देवाचं हाय ते. असं सोलत्यात व्हय?"

"मामा, याच्याखाली पासवर्ड आहे."

"म्हणून काय झालं? देव वर हाय ना."

"देवाला दुसरीकडं बसवते मामा, चांगल्या जागी."

मामांनी विचार केला आणि म्हणाले, "कुठं ते आधी सांगा." मी म्हणाले, "तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर." ते लगेच पाय दुमडून माझ्याशेजारी बसले आणि स्वतःचं नख घातलं.

स्टिकर निघाला, पण शाईही निघाली. पत्र्यावर कॅमेरा तीस एवढं राहिलं, पासवर्डची पहिली चारपाच अक्षरं राहिली, आणि पुढचं सगळं स्टिकरच्या चिकट पाठीवर गेलं, उलटं. आकडे असे पाठमोरे कधी पाहिले नव्हते, मघाशी पडद्यावर मी दिसले होते तसे. भिंतीवरच्या घड्याळात अकराला तेरा मिनिटं होती. मी एक अक्षर वाचायची, दुसरं वाचेपर्यंत पहिलं निसटायचं. तेवढ्यात टेबलाखाली दोन घट्ट वेण्या आल्या. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आरसा घ्या." तिच्या हातात फणीबरोबर मिळतो तसला चिमुकला गोल आरसा होता. "माज्या आईनं दिला, टापटीप ऱ्हा म्हनली. त्यात बघा की, सुलटं दिसंल." मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमी सकाळी सहाला निघालोय. कालेजात न्हाई जायाचं आमाला, लई लांब हाय म्हनत्यात." कॉलेज शेजारी होतं, पण मी तिला टेबलाखाली जागा करून दिली.

मामांनी स्टिकर धरला, ज्ञानेश्वरीनं आरसा धरला, मी निळी चपटी केबल लॅपटॉपमधून स्विचच्या पाठीत घातली, आणि त्या टेबलाखाली आम्ही तिघं एकमेकांच्या श्वासात बसून एक एक अक्षर वाचलं. ज्ञानेश्वरी वाचायची, मी लिहायची, मामा प्रत्येक अक्षराला "व्हय" म्हणायचे. पहिल्यांदा चुकला. सहा की नऊ यावर आमचं एकमत होईना. मामा म्हणाले, "स्टिकर उलटा धरलाय मी, थांबा." दुसऱ्यांदा स्विचनं आत घेतलं. मी सगळी भोकं वीसला टाकली, वर जाणारं टोकही वीस, आणि या वेळी एंटर हळूच दाबला. नारिंगी दिवा नारिंगीच राहिला. तीस सेकंद लागतात, स्विच पारखून घेतो, हे मला माहीत होतं, तरी त्या तीस सेकंदांत मी दोन इयत्ता पुन्हा गप्प राहून काढल्या. मग हिरवा. एक नंबर लागला, दोन, तीन, आणि सतरंजीवरून डबे झाकल्याचे आवाज आले. अकराला चार कमी होते.

ज्योती मॅडम दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही. मी टेबलाखालून रांगत बाहेर आले, त्यांच्या चपला आधी दिसल्या. "काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. मामा माझ्याआधी बोलले, "काय न्हाई मॅडम, दसऱ्याचा स्टिकर हुता त्यावर, माज्याच हातानं—" मामांच्या हातात अजून शुभ लाभ होतं, अंगठ्याला चिकटलेलं. आत्ता मी गप्प बसले असते तर किल्ली माझ्याच गळ्यात राहिली असती, आणि गप्प कसं बसायचं ते मला कोणापेक्षाही जास्त येतं. "मी लावला होता मॅडम," मी म्हणाले. "लिहिलेल्यावर. छान दिसावं म्हणून. आणि आज न वाचता हाच उचलला, आणि वरचं टोक बदललं ते खालचं न बघता, म्हणून दिवा नारिंगी झाला. आधी हिरवा होता, पण तो हिरवा खोटा होता." एवढं सांगून मी नाडी मानेवरून काढली, कारण त्यांनी मागण्याआधी देणं बरं दिसतं असं मला वाटलं.

मॅडमनी किल्ली घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग बारा पेटलेल्या पडद्यांकडे. "सोमवारी सगळ्या यंत्रांना नव्यानं लिही," त्या म्हणाल्या. "आणि स्टिकर बाजूला. बाजूला बसलं तरी चालतं देवाला." किल्ली माझ्या हातात आली, नाडी अजून माझ्याच मानेनं गरम होती. "कपाट वर उघडंच टाकून आलीस ना?" मी उघडंच टाकून आले होते. मी धावत गेले, लावलं, धावत आले.

तोवर भाषण सुरू झालं होतं आणि मामा शुभ लाभ घेऊन आपल्या नव्या कॉम्प्युटरकडे गेले होते. मॅडम माइकपाशी उभ्या होत्या आणि हॉल कधी नव्हे इतका लक्ष देऊन ऐकत होता. त्या म्हणत होत्या की तंत्रज्ञान आणि संस्कार यांची सांगड घालताना आपण, आणि त्यांचा उजवा हात हलायला लागला. चोवीस मुलं सावरून बसली. हात फळीपर्यंत पोचायच्या आधीच, बोटं पसरायच्या आधीच, टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडम हात अर्ध्यात धरून थांबल्या. त्यांना फार आनंद झाला आणि काहीच कळलं नाही, आणि हे दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसलं. ज्ञानेश्वरी टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे वळून बघत होती. मी मागच्या भिंतीपाशी उभी होते. वर कोपऱ्यात कॅमेरा होता. मी त्याच्याकडे बघून हात हलवला, नीट, अंगठ्यापासून पूर्ण पंजा, आणि मनात म्हटलं, ये सावकाश, घाई नाही. दीड सेकंद गेले. मग आणखी थोडा वेळ गेला, जिन्याखालच्या खोलीतून हॉलपर्यंत चालत यायला जेवढा लागतो तेवढा, आणि दारात रामहरी मामा आले, पाठीमागं कुत्रं, आणि त्यांनी माझ्याकडे बघून परत हात हलवला.